फुलझाडांचे खत आणि आपापली माती

मराठी घर इंदूरच्या जुन्या वाड्यात असो, ग्वाल्हेरच्या लष्करात असो, बडोद्याच्या दांडिया बाजारात असो की बेळगावच्या टिळकवाडीत असो, सकाळच्या पूजेला परडीभर फुले घरचीच असावीत ही हौस त्या घरातून जात नाही. वाडे पडले, परसदारे गेली, विहिरी बुजल्या. तरी गच्चीवर, सज्ज्यात किंवा जिन्याच्या कठड्यावर आठ-दहा कुंड्या दिसतातच. गणपतीला जास्वंद, देवीला शेवंती, दसऱ्याला झेंडू आणि उन्हाळ्यात वेणीपुरता मोगरा एवढी माफक अपेक्षा त्या कुंड्यांकडून असते.

आणि तक्रारही सगळीकडे सारखीच ऐकू येते. झाड हिरवेगार आहे, पण फूल नाही. कळी येते आणि गळून पडते. नवी पाने पिवळी पडतात. यावर शेजारीपाजारी एकच सल्ला देतात, "खत घाला." तो चुकीचा नसतो, पण अपुरा असतो. कोणते खत, केव्हा आणि कोणत्या मातीला, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून घातलेले खत पुष्कळदा वाया जाते आणि काही वेळा झाडाच्या जिवावर येते. आपल्या मासिकाचे वाचक एका मुलखात राहत नाहीत. गोव्याची तांबडी माती, माळव्याची काळी माती आणि हैदराबादची मुरमाड माती यांना एकच औषध चालत नाही. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे.

इंदूरची देणगी

सेंद्रिय खताच्या इतिहासात इंदूरचे नाव साऱ्या जगात पोचले आहे, याची जाणीव खुद्द इंदूरकरांतही थोड्यांनाच असते. १९२४ साली इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संशोधनसंस्था सुरू झाली. होळकर दरबाराने तिला ३०० एकर जमीन दिली. संस्थेचे संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. हे गृहस्थ १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम करीत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हॉवर्ड याही नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ असून या सर्व कामात त्यांचा बरोबरीचा वाटा होता. संस्थेच्या रसायन विभागाचे मुख्य साहाय्यक होते यशवंत डी. वाड.

संस्थेचे मुख्य काम कापसावरचे. पण कापूस चांगला यावयाचा तर जमिनीत कस हवा, आणि खेड्यातले शेण तर गोवऱ्या होऊन चुलीत जात होते. दुसरीकडे पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, उसाचे पाचट, तण आणि पालापाचोळा यांचे ढीग निरुपयोगी पडलेले असत. हा टाकाऊ माल थोड्याशा शेणाच्या साहाय्याने खतात कसा बदलावा, याची पद्धत या मंडळींनी बसविली. टणक पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेत, मग त्या गोठ्यात बैलांच्या पायांखाली अंथरीत. तेथील गोमूत्राने भिजलेली माती, शेण आणि लाकडाची राख यांचे थर देऊन खड्डे भरीत. ठरावीक काळाने ढीग खालीवर करीत. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत हाती येई. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अ‍ॅग्रिकल्चर' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि 'इंदूर पद्धत' हे नाव चहा-कॉफीच्या दूरदेशीच्या मळ्यांपर्यंत पोचले. पुढे १९४० साली हॉवर्ड यांनी एकट्याच्या नावावर लिहिलेला ग्रंथ अधिक गाजला, आणि त्या गाजावाजात वाडांचे नाव मागे पडले. मूळ पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर मात्र दोन्ही नावे शेजारी शेजारी आहेत, हे आपण तरी विसरू नये. संस्थेच्या त्या जागेवर पुढे इंदूरचे कृषी महाविद्यालय उभे राहिले.

या पद्धतीनंतर इतरही पद्धती निघाल्या. १९३९ च्या सुमारास सी. एन. आचार्य यांनी बंगलोर पद्धत बसविली. तीत ढीग चाळवावा लागत नाही, पण वेळ अधिक लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदात खत करण्याची रीत शोधली आणि त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. तत्त्व सर्वांचे एकच आहे आणि ते समजले की घरच्या कुंडीतही ते लागू करता येते.

खत कुजते म्हणजे काय होते

झाडाचे मूळ शेण खात नाही की भाजीची देठे खात नाही. ते पाण्यात विरघळलेले क्षारच शोषून घेते. शेणातला किंवा पाल्यातला नत्र त्या रूपात आणून देण्याचे काम जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांना काम करण्यासाठी चार गोष्टी लागतात. कर्ब म्हणजे वाळलेला पाला, काड्या, भुसा, नत्र म्हणजे शेण, ओला पाला, भाजीचे टाकाऊ भाग, हवा, आणि पाणी. नत्राच्या एका भागाला कर्बाचे सुमारे तीस भाग असले म्हणजे कुजणे उत्तम चालते. कर्ब फार झाला तर ढीग महिनोन् महिने जसाच्या तसा राहतो. नत्र फार झाला तर घाण सुटते, माश्या बसतात आणि नत्र अमोनियाच्या वासाबरोबर उडून जातो.

यावरून दोन नेहमीच्या चुकांचे कारण कळते. पहिली चूक, ताजे शेण कुंडीत घालणे. ते कुंडीतच कुजू लागते, त्या उष्णतेने कोवळी मुळे भाजतात, आणि हुमणी व वाळवी यांना आयते निमंत्रण मिळते. दुसरी चूक, सुका पाला किंवा लाकडाचा भुसा मातीत मिसळणे. तो कुजविण्यासाठी जिवाणूंना नत्र लागतो आणि ते तो मातीतूनच उचलतात. मग खत घालूनही झाड पिवळे पडते. तोच पाला मातीवर वरवर पसरला तर आच्छादन म्हणून उपकारक होतो. कुजण्याचे काम खड्ड्यात पुरे व्हावे आणि तयार खत तेवढे झाडाकडे जावे, हे इंदूर पद्धतीचे सार आहे.

घरच्या घरी खड्डा, पिंप किंवा मडकी

अंगण असेल त्यांनी तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घ्यावा. तळाशी काड्यांचा थर द्यावा, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर सहा इंच पाला आणि स्वयंपाकघरातील भाजीपाल्याचा कचरा मिसळून पसरावा. त्यावर दोन इंच शेण किंवा जुने शेणखत पाण्यात कालवून घालावे. वर मूठभर जुनी माती भुरभुरावी. तिच्यातून जिवाणूंचे विरजण लागते. असे थर भरत जावे. ओलावा किती असावा? मुठीत दाबले तर हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. पंधरा दिवसांनी सगळे खालीवर करावे, पुन्हा पंधरवड्याने करावे आणि दुसरा महिना संपता तिसऱ्यांदा करावे. तीन महिन्यांनी ढीग बसून सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका उरतो, आणि त्यात मूळ वस्तू ओळखू येत नाहीत.

पावसाळ्यात मात्र खड्डा नको. त्यात पाणी साचले की हवा कोंडते आणि खताऐवजी चिखल तयार होतो. हॉवर्ड-वाडांनीही पावसाळ्यासाठी जमिनीवरचे ढीगच सांगितले होते. गोवा-बेळगावकडील वाचकांनी ढीग उंचवट्यावर करून वर झावळ्यांचे किंवा पत्र्याचे छप्पर द्यावे.

अंगण नसेल त्यांनी भोके पाडलेले पिंप किंवा एकावर एक ठेवलेली तीन मडकी घ्यावीत. रोजच्या एका वाटीभर ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या सुका पाला टाकावा. वर्तमानपत्राचे तुकडे किंवा नारळाचा भुसाही चालतो. एवढ्या लहान राशीत मोठ्या ढिगासारखी उष्णता चढत नाही, म्हणून वेळ तीनाऐवजी चार महिने लागतो आणि तणाचे बी मरत नाही. त्यामुळे बी धरलेले तण अशा मडक्यात टाकू नये. तेलकट अन्न, दुधाचे पदार्थ आणि खरकटे यांनाही त्यात जागा नाही.

प्रथम माती ओळखावी

माळव्याच्या आणि बडोद्याच्या आसपासच्या काळ्या मातीत चुना पुष्कळ असतो. ती अल्कधर्मी असते, ओल धरून ठेवते आणि पाणी साचल्यास मुळे गुदमरवते. गोव्याची जांभ्या दगडाची तांबडी माती आम्लधर्मी असते. तेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घातलेले खत पाण्याबरोबर खाली वाहून जाते. हैदराबादची तांबडी वाळूसर माती पाणी आणि खत दोन्ही फार काळ धरीत नाही. ग्वाल्हेरकडील गाळाची माती लागवडीला चांगली; पण तेथे उन्हाळ्याचा कडाका तसाच थंडीचाही. थंडीत मातीतील जिवाणू मंदावतात, आणि पौषात घातलेली पेंड फाल्गुनापर्यंत जवळजवळ तशीच पडून राहते.

चुना आहे की नाही हे घरीच पाहता येते. वाळलेल्या मातीचा चमचाभर चुरा बशीत घेऊन त्यावर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे येऊन फसफसले तर चुना भरपूर आहे असे समजावे.

हा भेद किती महत्त्वाचा आहे ते राखेच्या उदाहरणावरून दिसेल. लाकडाच्या राखेत पालाश असते, आणि फुले येण्यास ते लागते. गोव्यात चुलीची राख माडाला, जास्वंदीला, अबोलीला घालण्याची रीत पिढ्यान् पिढ्या आहे आणि ती योग्यच आहे. कारण राख अल्कधर्मी असल्याने आम्ल मातीचा आंबटपणाही कमी करते. पण गोव्याच्या माहेराची ही सवय घेऊन एखादी सून इंदूरला आली आणि तिने अनंताच्या झाडाला राख घातली, तर मूळच्या चुन्यात आणखी भर पडते, मातीतील लोह झाडाला मिळेनासे होते आणि अनंताची कोवळी पाने शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून पिवळी पडतात. माहेरची रीत खोटी नव्हती. माती निराळी होती. माळव्यात राख द्यायचीच तर खताच्या ढिगात चिमूटभर जाऊ द्यावी. दगडी कोळशाची राख मात्र कोठेही वापरू नये. तिच्यात विषारी धातू असतात.

हाडांच्या चुऱ्याचेही तसेच आहे. त्यात स्फुरद भरपूर असते, पण ते आम्ल मातीतच हळूहळू विरघळते. गोव्यात त्याचा उपयोग होतो. माळव्याच्या चुनखडीच्या मातीत तो वर्षानुवर्षे पडून राहतो. तेव्हा ज्या घरांत देवाच्या फुलांना हाडांचे खत नको असते, त्यांनी इंदुरात तरी काही गमावले असे मानण्याचे कारण नाही. जे वापरतात त्यांनी वाफवलेला चुराच घ्यावा, नाकाला फडके बांधावे आणि नंतर हात धुवावेत.

चांगले कुजलेले खत मात्र प्रत्येक मातीला मानवते. काळ्या मातीला ते भुसभुशीत करते, वाळूसर मातीला ओल धरायला शिकविते आणि पावसाच्या मुलखात अन्नद्रव्ये रोखून धरते.

शेणखत, गांडूळखत आणि पेंडी

जुन्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, स्फुरद त्याहून कमी आणि पालाश अर्धा टक्का असते. आकडे लहान आहेत, म्हणूनच ते घमेल्याने घालावे लागते. आणि म्हणूनच त्याने अपायही होत नाही. गांडूळखत त्याहून सकस असते. दहा इंची कुंडीस महिना-दीड महिन्याने दोन मुठी पुरे होतात.

पेंडीची गोष्ट वेगळी. लिंबोळीच्या पेंडीत नत्र सुमारे ५ टक्के, मोहरीच्या पेंडीत तेवढाच, एरंडीच्या पेंडीत ४ टक्क्यांच्या वर आणि भुईमुगाच्या पेंडीत ७ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे शेणखताच्या कितीतरी पट. दहा इंची कुंडीला लहान मूठभर पेंड दोन महिन्यांतून एकदा द्यावी, ती खोडापासून दूर, काठाकाठाने मातीत मिसळावी आणि लगेच पाणी घालावे. ओंजळीने घातली तर ती तापते, बुरशी धरते आणि मुळांना जाळते.

बाजारात ही वस्तू कोणत्या नावाने मागावी, हाही आपल्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न. लिंबोळी पेंडीला हिंदी मुलखात नीमखली, गुजरातेत लींबोळीनो खोळ, कर्नाटकात बेविन हिंडी आणि तेलुगू मुलखात वेप पिंडी म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरला मोहरीची म्हणजे सरसोंची खली सहज मिळते. शंभर ग्रॅम खली एक लिटर पाण्यात चार-पाच दिवस भिजवावी, रोज काठीने ढवळावी, आणि गाळून दहापट पाणी मिसळून झाडास द्यावी. बडोद्याकडे एरंडीची पेंड स्वस्त असते, पण तिच्यात जहाल विष असते. कुत्र्यांना तिचा वास आवडतो आणि ती खाल्ल्यास प्राणी दगावतो. ज्या घरी कुत्रा, गाय किंवा रांगते मूल आहे तेथे एरंडीची पेंड आणूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

झाडाला कुजवलेले पातळ अन्न देण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या संस्कृत ग्रंथात कुणपजल नावाच्या अशा द्रवाचे वर्णन आहे. या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होते. १९९६ साली सिकंदराबादच्या 'एशियन अ‍ॅग्रि-हिस्टरी फाउंडेशन'ने तो प्रसिद्ध केला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर डॉ. नलिनी साधले यांनी केले. मुळात कुणपजलात मांस-मेद येतात, तेव्हा पूजेच्या बागेत तो प्रयोग कोणी करील असे नाही. पण खत पातळ करून, थोडेथोडे द्यावे ही जाण किती प्राचीन आहे ते यावरून ध्यानी येते.

झाडागणिक वेळापत्रक

नत्राने पाने आणि फांद्या वाढतात. कळी धरण्याच्या वेळी नत्र अधिक झाला की झाड फुलायचे सोडून पसरत जाते. "हिरवेगार आहे, पण फूल नाही" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते, आणि त्यावर आणखी खत घालणे म्हणजे दुखणे वाढविणे होय. म्हणून प्रत्येक झाडाची वेळ सांभाळली पाहिजे.

मोगऱ्याला मार्गशीर्ष-पौषात दोन-तीन आठवडे पाणी तोडावे, फांद्या छाटाव्यात, आळे खणून त्यात घमेलेभर शेणखत घालावे आणि मग पाणी सुरू करावे. त्या वेळच्या नव्या फुटीवरच चैत्र-वैशाखात बहर येतो. छाटणी आणि खत दोन्ही चुकले की मोगरा नुसता वाढतो.

गुलाबाची छाटणी पाऊस उघडल्यावर, आश्विनात करावी. जमिनीतील झाडाला दोन घमेली शेणखत आणि दोन मुठी लिंबोळी पेंड द्यावी. सुमारे सहा-सात आठवड्यांत फुले येतात. पहिला बहर संपला की पेंडीचे पातळ पाणी पुन्हा द्यावे. कडक उन्हाळ्यात गुलाबाला खत देऊ नये; तेव्हा त्याला सावली आणि पाणीच पाहिजे.

दसऱ्याच्या झेंडूची तयारी आषाढात करावी. रोप लावताना वाफ्यात भरपूर कुजलेले खत मिसळावे, महिन्याने शेंडा खुडावा, आणि नंतर नत्राचे खत देऊ नये. पहिले फूल दोन-अडीच महिन्यांत येते, म्हणजे आश्विन गाठता येतो.

शेवंतीला श्रावणापासून दर पंधरवड्यास पातळ खत द्यावे आणि कळीला रंग दिसू लागताच ते थांबवावे. शेवंती रात्र मोठी होऊ लागली की कळ्या धरते. कुंडी रात्रभर रस्त्याच्या किंवा ओसरीच्या दिव्याखाली राहिली तर तिची रात्र संपतच नाही आणि कळ्या लांबतात. तेथे खताचा काही दोष नसतो; कुंडी अंधारात हलवावी, एवढेच करावयाचे असते.

जास्वंद बहुतेक सारे वर्ष नव्या फुटीवर फुलते, म्हणून तिला दरमहा थोडे खत आणि पाच-सहा तास ऊन लागते. कळ्या गळत असतील तर खताआधी पानांमागे पांढरा पिठ्या ढेकूण आहे का ते पाहावे, आणि पाणी कधी फार कधी थोडे असे होते का हेही पाहावे.

बोगनवेल दारिद्र्यात फुलणारी. तिला खत आणि पाणी भरपूर दिले की पानांचा पसारा होतो. गोकर्ण शेंगांच्या जातीची असल्याने हवेतला नत्र आपल्या मुळांच्या गाठींत साठवते. तिला पेंड घालणे अनाठायी. प्राजक्त वर्षाकाठी एका घमेल्यावर समाधानी असतो. सोनचाफ्याला मृगाच्या सुमारास खत द्यावे, पण बुंध्याशी नव्हे. फांद्यांचा घेर जेथे संपतो तेथे गोल चर काढून. अन्न घेणारी मुळे तेथे असतात.

गोव्यात आणि बेळगावच्या पावसाळी भागात मुख्य खत भर पावसात देऊ नये. भाद्रपदात पावसाचा जोर ओसरल्यावर, आणि तेही विभागून, द्यावे. हैदराबादकरांनीही एकदाच पुष्कळ देण्यापेक्षा थोडे आणि वारंवार हे धोरण ठेवावे.

काही समजुती

चहाचा चोथा दूध-साखरेसकट कुंडीत टाकल्यास मुंग्या होतात. धुऊन, आणि शक्यतो खताच्या मडक्यात टाकावा. केळ्याच्या सालींत पालाश असते खरे, पण अख्खी साल कुंडीत पुरली तर ती माश्या बोलावते. तिलाही मडक्याचाच रस्ता दाखवावा. अंड्याचे कवच म्हणजे शुद्ध चुना. गोव्यात त्याची बारीक पूड हळूहळू उपयोगी पडेल. इंदुरात जिथे चुन्यानेच झाड त्रासले आहे तिथे ती घालून काय साधणार? तांदळाचे धुवण बिनमिठाचे असेल तर खुशाल द्यावे, पण ते खताची जागा घेत नाही. दूध तर झाडाला मुळीच नको.

कुंडीतली माती दर दोन वर्षांनी बदलावी किंवा निदान वरची तिसरा हिस्सा काढून तेथे नवे खत भरावे. जुनी माती फेकू नये. ती उन्हात वाळवून खताच्या ढिगावर भुरभुरावी, म्हणजे काही महिन्यांत ती पुन्हा कामाची होते.

निर्माल्याची जागा

राहता राहिली देवापुढची फुले. निर्माल्य पायदळी येऊ नये, हा भाव योग्यच आहे. पण त्यापायी इंदूरला कान्ह, बडोद्याला विश्वामित्री आणि हैदराबादला मुसी या नद्यांत पिशव्या भरभरून टाकल्या गेल्या. नद्यांतून आज जे पाणी वाहते ते आचमनाला घेण्याचे धैर्य कोणाला होणार नाही. इंदूर शहराने २०१७ पासून सलग सात वेळा स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळविला, त्याच्या मुळाशी घराघरांतून ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याची लागलेली शिस्त आहे. ती शिस्त लागली आहे तर निर्माल्य वेगळे काढणे अवघड नाही.

हारातील दोरा, तार, जरी आणि प्लॅस्टिक काढून टाकावे. कुंकू, गुलाल आणि कापराची काजळी शक्य तेवढी वेगळी ठेवावी, कारण बाजारी कुंकवात रासायनिक रंग असतो. पाकळ्या, दूर्वा, बेल आणि तुळस यांवर दुप्पट सुका पाला घालून मडके भरावे. फुले मऊ आणि पाणीदार असल्याने सुका पाला कमी पडला तर त्यांना वास सुटतो, एवढेच सांभाळावे. नारळाची शेंडी लवकर कुजत नाही. ती तुकडे करून कुंडीच्या तळाशी किंवा आच्छादनाला वापरावी.

जे फूल देवाला वाहिले ते पुन्हा त्याच जास्वंदीच्या मुळाशी जावे, याहून पवित्र विसर्जन कोणते? गणेशोत्सवात आणि नवरात्रात जमलेले निर्माल्य आश्विनअखेर मडक्यात भरले तर पौषात छाटलेल्या मोगऱ्याला ते खत म्हणून मिळते आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला त्याच मोगऱ्याचे गजरे होतात. तेव्हा वाचकांनी आजच एक जुने पिंप किंवा मडके शोधून त्यात पहिला थर घालावा. मातीची परीक्षा करण्यास चमचाभर व्हिनेगर पुरते, आणि खत करण्यास घरातला कचरा पुरतो. बाकीचे काम जिवाणू करतील. त्यांना तीन-चार महिन्यांची सवड तेवढी दिली पाहिजे.